गॅरेजमध्ये शहाणी, रस्त्यावर वेडी!

जुनी गाडी मध्येच बंद पडते, मध्येच दिवे मिटमिटतात, आणि इलेक्ट्रिशियनसमोर उभी केली की सगळं ठीकठाक! बंगळूरच्या गर्दीत हा लपंडाव जिवावर बेतू शकतो. नवनवे भाग बदलत बसण्याआधी चोर कुठे दडलाय ते शोधायचं कसं?

सकाळचे पावणेनऊ. बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकात गाड्यांची नेहमीची रांग. पहिला गिअर, ब्रेक, न्यूट्रल, पुन्हा पहिला गिअर. समजा, त्या रांगेत तुमची बारा वर्षांची, दुसऱ्याकडून घेतलेली छोटी गाडी आहे. आजवर निमूटपणे चाललेली. अचानक डॅशबोर्डवरचे काटे खाली पडतात, रेडिओ गप्प होतो, इंजिन एक उचकी देतं आणि बंद. मागे हॉर्नचा कल्लोळ. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. आणि दोन मिनिटांनी, काहीही न करता, गाडी सुरू! संध्याकाळी तिला गॅरेजमध्ये न्यावं तर ती अशी गुणी बाळासारखी वागते की मेकॅनिकनं आपल्याकडेच संशयानं पाहावं.

"बॅटरी होयतु सार," तो सांगतो. बॅटरी गेली, साहेब. नवी बॅटरी बसते. आठ दिवस बरे जातात. नवव्या दिवशी हेब्बाळच्या उड्डाणपुलावर पुन्हा तेच. मग अल्टरनेटर बदलला जातो. मग सेल्फ. शेवटी कुणीतरी "गाडीचा कॉम्प्युटरच गेलाय" असं सांगून कित्येक हजारांचा आकडा पुढे करतो. तोवर घरात "विकून टाका ती ब्याद" हा सूर लागलेला असतो. आणि गंमत अशी की बदललेल्या भागांपैकी एकही बिघडलेला नसण्याचीच शक्यता जास्त.

नोकरीच्या निमित्तानं पुण्या-मुंबईहून किंवा बेळगाव-कोल्हापूरकडून बंगळूरला गेलेल्या कुटुंबाची तिथली पहिली गाडी पुष्कळदा वापरलेलीच असते. ती घेताना इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर पाहतात, रंग खरवडून पाहतात. विजेच्या तारा मात्र कुणी पाहत नाही. वास्तविक दहा वर्षांच्या पुढच्या गाडीत इंजिनापेक्षा जास्त डोकेदुखी याच तारांची असते.

तसं पाहिलं तर गाडीच्या विजेशी या शहराचं नातं जुनं. स्पार्क प्लगसाठी घराघरांत माहीत असलेली 'मायको' म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी १९५१ साली स्थापन झाली आणि आडुगोडीतला तिचा कारखाना बंगळूरची ओळख बनला. २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, तरी मायको लेआउट हे नाव तिथे अजून टिकून आहे. विजेवर चालणारी 'रेवा' ही चिमुकली गाडीही २००१ मध्ये इथूनच रस्त्यावर आली. टाऊन हॉलपासून मिनर्व्हा सर्कलकडे जाणारा जे. सी. रोड म्हणजे सुट्या भागांचा आणि गाडी सजवण्याच्या सामानाचा बाजार. तिथून जवळच एस. पी. रोडला इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांच्या ओळी. सांगायचा मुद्दा, या शहरात सामान आणि हात दोन्ही मिळतात. अडतं ते शोधण्यापाशी.

अर्धा रस्ता पत्र्याचा

घरातल्या दिव्याला दोन तारा लागतात, एक वीज आणणारी आणि एक परत नेणारी. गाडीत बहुतेक ठिकाणी तार एकच. परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा! बॅटरीचं मायनस टोक जाड तारेनं बॉडीला आणि इंजिनाला जोडलेलं असतं आणि दिवा, हॉर्न, वायपर, पेट्रोल पंप या सगळ्यांची वीज पत्र्यातून तिथे परत येते. याला आपले इलेक्ट्रिशियन 'अर्थ' किंवा 'अर्थिंग' म्हणतात. जिथे ही तार पत्र्याला नटबोल्टनं कसलेली असते तिथे बारा वर्षांत गंज चढतो, रंग साचतो, नट सैल होतो. इंजिन तर रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. म्हणजे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध त्या एका विणलेल्या पट्टीपुरताच. ती पट्टी कुजली की वीज दुसरी वाट शोधते. कधीकधी ती चक्क क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जाते आणि सेल्फ मारताना ती केबल गरम लागते. असं झालं तर समजावं की इंजिनाची अर्थ तार आधी पाहायला हवी.

आता हा दोष लपतो कसा? छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा फिरताना शंभर अँपिअरच्या आसपास किंवा जास्तच वीज ओढतो. अशा वेळी जोडणीत एका ओहमचा शंभरावा भाग, म्हणजे जवळजवळ न मोजता येणारा अडथळा असला, तरी तिथे एक व्होल्ट खर्ची पडतो. गंजलेल्या जोडणीत असे दोन-तीन व्होल्ट सहज जातात. तोच सांधा रेडिओची किरकोळ वीज मात्र विनातक्रार पोचवतो. त्यातून धातू तापला की फुगतो, निवला की आकसतो. खड्ड्यात चाक आदळलं की सांधा क्षणभर सुटतो आणि पुन्हा टेकतो. पावसाची ओल शिरली की बिघडतो, उन्हात वाळला की सुधारतो. गॅरेजच्या सावलीत, सपाट जमिनीवर, थंड इंजिनानं उभ्या असलेल्या गाडीत यातलं काहीच घडत नाही. मग ती शहाणी दिसणारच.

इथे मल्टीमीटर हाती धरणारे बरेच जण फसतात. बल्बचा होल्डर काढून मीटर लावलं, बारा व्होल्ट दिसले, म्हणजे तार चांगली, असा हिशेब केला जातो. तो चुकीचा आहे. आतले सगळे तंतू तुटून एकच तंतू उरलेली तारही मीटरवर बाराच व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ वीज ओढतच नाही. बंगळूरकरांना कळेल असं सांगायचं तर कावेरीच्या पाण्याच्या नळासारखं. तोटी बंद असताना गाळानं भरलेल्या पाइपातही दाब पूर्ण दिसतो. तोटी उघडली की धार कळते. तेव्हा तार तपासायची ती दिवा पेटता ठेवून, पंखा चालू ठेवून, सेल्फ मारताना. बिनकामाची तार नेहमीच चांगली दिसते.

आधी वही, मग पाना

हातात पाना घेण्याआधी एक छोटी वही गाडीत ठेवा. प्रत्येक वेळी बिघाड झाला की चार गोष्टी टिपून ठेवायच्या. इंजिन थंड होतं की तापलेलं? रस्ता कोरडा की ओला? गाडी उभी होती, खड्ड्यातून जात होती की वळत होती? आणि त्या क्षणी काय काय चालू होतं - दिवे, वायपर, एसी, मागच्या काचेचा हीटर? घरातल्या दुसऱ्या कुणी गाडी चालवली तर त्यांनीही लिहायचं. दोन-तीन आठवड्यांत या वहीतून जे कळतं ते पुष्कळदा महागड्या यंत्रालाही सांगता येत नाही.

उदाहरणार्थ, उन्हात उभी केलेली गाडी दुपारी सुरू होत नाही, संध्याकाळी निवल्यावर पहिल्या झटक्यात सुरू होते. अशा वेळी रिलेवर संशय घ्यावा. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या होंडा गाड्या यासाठी जगभर प्रसिद्ध आहेत. पेट्रोल पंपाला वीज देणाऱ्या मुख्य रिलेच्या आत, सर्किटवर दिलेल्या डागाला केसासारखी चीर जायची. डबा तापला की चीर उघडायची, पंप बंद. निवला की चीर मिटायची, गाडी सुरू. इलाज काय, तर त्या जागी पुन्हा डाग द्यायचा! पण कारण कळेपर्यंत लोकांनी पंपच्या पंप बदलले.

ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटतो किंवा डावा इंडिकेटर लावला की पार्किंगचा दिवा त्याच्याबरोबर मिचकावतो, हे भुताटकीसारखं वाटतं. कारण साधं असतं. त्या मागच्या दिव्याची अर्थ तार सुटलेली किंवा गंजलेली असते आणि वीज परत जाण्यासाठी शेजारच्या बल्बमधून वाट काढते. फक्त खड्ड्यात बिघाड होत असेल तर बॅटरीचे क्लॅम्प, सैल कपलर आणि दरवाजाच्या बिजागरीशी असलेली रबरी नळी पाहावी. त्या नळीतून जाणाऱ्या तारा हजारो वेळा वाकून आत तुटतात, वरचं आवरण मात्र साबूत राहतं. पॉवर विंडो दार अर्धं उघडलं तरच चालते, अशी तक्रार असेल तर दुसरीकडे पाहायचं कारणच नाही.

पावसातच बिघाड होत असेल तर दोन ठिकाणं आधी. जुन्या पेट्रोल गाडीतल्या स्पार्क प्लगच्या तारा आणि पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत झिरपणारं पाणी. बंगळूरला एप्रिल-मेच्या आंबेसरींपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाऊस येत-जात राहतो. काचेखालच्या चरात झाडांची पानं साचून भोकं बुजतात आणि पाणी डॅशबोर्डखाली उतरतं. फ्यूजचा डबा पुष्कळ गाड्यांत तिथेच असतो. गुलमोहर आणि रेन ट्रीखाली गाडी लावणाऱ्यांनी ती पानं महिन्यातून एकदा हातानं काढली तरी बरंच काम होतं.

पाचशे रुपयांचा डॉक्टर

साधा डिजिटल मल्टीमीटर पाचशे रुपयांच्या आत मिळतो. तो वापरायला इंजिनिअर असावं लागत नाही. डायल डीसी २० व्होल्टवर ठेवायचा, लाल टोक प्लसवर, काळं मायनसवर.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, किल्ली लावण्याआधी बॅटरी मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. आता गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी आकडा साडेनऊ-दहाच्या खाली घसरता कामा नये. भरलेली बॅटरी असूनही तो आठ-सातपर्यंत पडत असेल तर बॅटरी म्हातारी झाली किंवा सेल्फ जास्त वीज ओढतोय. आणि आकडा बारावरच स्थिर राहून सेल्फ नुसता 'टक्' करत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नका. वीज बॅटरीतून निघतेय, पण वाटेत अडतेय. इंजिन सुरू झाल्यावर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले, आणि दिवे-पंखा सगळं लावूनही सव्वातेराच्या खाली आले नाहीत, तर अल्टरनेटर ठीक. (काही नव्या गाड्यांत कॉम्प्युटर मुद्दामच हा आकडा कमी-जास्त करतो, तेव्हा तिथे घाईनं निष्कर्ष नको.)

यानंतरची चाचणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि नेमकी तीच कुणी करत नाही. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटावर टेकवा. क्लॅम्पवर नव्हे, खुंटावरच. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. आता सेल्फ मारायला सांगा. दोन्ही टोकं मायनसलाच जोडलेली, म्हणजे आकडा शून्याजवळ हवा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर क्लॅम्प, तार किंवा तिचा नट यांत चोर सापडलाच. तसंच दिवे लावून मायनसचा खुंट आणि बॉडीचा उघडा पत्रा यांमध्ये मोजा. इंजिन चालू असताना, दिवे लावून, बॅटरीचा प्लस खुंट आणि अल्टरनेटरची जाड तार जिथे बसते तो बोल्ट यांमध्येही मोजा. प्रत्येक ठिकाणी व्होल्टचा दहावा-पाचवा भाग, त्यापेक्षा जास्त नाही. मोजताना साडीचा पदर, ओढणी, सैल बाही पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब ठेवा.

चोर सापडला की उपाय स्वस्त असतो. आधी बॅटरीचं मायनस सोडवायचं आणि शेवटी तेच लावायचं. हातातल्या अंगठ्या-बांगड्या काढून ठेवायच्या, कारण पाना प्लसला आणि पत्र्याला एकाच वेळी टेकला तर सोन्याची अंगठी क्षणात लालबुंद तापते. अर्थचा नट सोडून थिंबल आणि पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत घासायचा, नट घट्ट कसायचा आणि वरून पेट्रोलियम जेली लावायची. जेली जोडणीच्या आत नव्हे, कसून झाल्यावर बाहेरून. इंजिनाची पट्टी कुजली असेल तर नवी टाकायला काहीशे रुपये पुरतात.

एक जुनी गॅरेजी खोड मात्र मोडायला हवी. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढायची आणि गाडी चालू राहिली तर "चार्जिंग बरोबर आहे" म्हणायचं! डायनॅमोच्या अँबॅसिडर-फियाटमध्ये ते खपून जायचं. अल्टरनेटर आणि कॉम्प्युटर असलेल्या गाडीत बॅटरी अशी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि चांगला कॉम्प्युटर त्यात जळू शकतो. कुणी असं करू लागला तर त्याला थांबवा, मग तो कितीही वर्षं या धंद्यात असो.

दुसऱ्या बाजूला स्कॅनरवर आंधळा भरवसाही नको. २०१० नंतरच्या बहुतेक गाड्यांत दोषांचे कोड वाचायची सोय आहे. व्होल्टेज पडलं की 'पी ०५६२' असा कोड नोंदला जातो. त्याचा अर्थ 'वीज कमी पडली' एवढाच. पण त्याच वेळी सेन्सरांचे आणखी चार-पाच कोडही उमटू शकतात, कारण उपाशी पोटी कॉम्प्युटर काहीबाही वाचतो. ते पाहून पाच सेन्सर बदलायला सांगणारे भेटतील. आधी वीज नीट करा, कोड पुसा, आणि परत कोणता उमटतो ते पाहा.

किल्लीचा जुडगा आणि १२४ जीव

मधूनच होणाऱ्या बिघाडाला "चालतंय तोवर चालू द्या" म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतली एक हकिगत. जनरल मोटर्सच्या शेव्हर्ले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा लहान गाड्यांत इग्निशन स्विचच्या आतली स्प्रिंग कमी ताकदीची होती. किल्लीला जड जुडगा लटकत असला किंवा गुडघा लागला की किल्ली आपोआप एक घर मागे सरकायची. धावत्या गाडीत इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि सगळ्यांत वाईट म्हणजे एअरबॅगही बंद. कधी व्हायचं, कधी नाही. तक्रारी आल्या, पण 'गैरसोय' म्हणून बाजूला पडल्या. २००६ मध्ये स्विच सुधारला गेला, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला गेला. त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता हे बाहेरच्याला कळेना. जॉर्जिया राज्यात एका तरुणीच्या अपघाती मृत्यूनंतर तिच्या कुटुंबाच्या वतीनं काम करणाऱ्या अभियंत्यानं तिच्या गाडीतला स्विच आणि दुकानातून आणलेला नवा स्विच उघडून शेजारी ठेवले, तेव्हा फरक दिसला. फेब्रुवारी २०१४ पासून कंपनीनं सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या यंत्रणेनं या दोषामुळे १२४ मृत्यू झाल्याचं मान्य केलं.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत तो स्विच नाही, पण झिजलेला स्विच असतोच. घराच्या, कपाटाच्या, ऑफिसच्या किल्ल्या, वर देवाचा पितळी बिल्ला, असा पावशेराचा जुडगा वर्षानुवर्षं लटकला की आतले संपर्क झिजतात. घरी, गाडी उभी असताना इंजिन चालू करून किल्ली हलकेच डावी-उजवीकडे हलवून पाहा. इंजिन अडखळलं किंवा डॅशबोर्डचे दिवे लुकलुकले, तर त्या गाडीनं रिंग रोडवर जाऊ नका. आणि गाडीची किल्ली आजच जुडग्यातून सोडवा.

जे. सी. रोडची देणगी

जुन्या गाडीबरोबर आधीच्या मालकाची हौसही येते. अलार्म, सेंट्रल लॉकिंग, स्पीकर, फॉग लॅम्प, मागे-पुढे कॅमेरा. हे बसवणारा कारागीर तासाभरात चार गाड्या उरकतो. मूळ तार सोलायची, नवी गुंडाळायची, वर टेप. उन्हात टेपचा गोंद वितळतो, पिळा सैल होतो, आणि इग्निशनच्या तारेवरच हा प्रकार केलेला असेल तर गाडी भर रस्त्यात मरते. डॅशबोर्डखाली टॉर्च मारून पाहा. रंगीत टेपांची गाठोडी दिसली की तिथून सुरुवात करावी. मधूनच बंद पडणाऱ्या गाडीत बाहेरून बसवलेला अलार्म काही दिवस पूर्ण काढून ठेवणं ही मला पहिली शहाणपणाची पायरी वाटते. त्याच्या आतला रिले इंजिनाची वीज तोडण्यासाठीच असतो, तो स्वतःच बिघडला तर दुसरं काय करणार?

हेडलाइटचं तर विचारूच नका. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचे. "रात्री दिसत नाही" म्हणून १०० / ९० चे टाकले जातात. डिपरवर नऊ अँपिअरच्या जागी पंधरा अँपिअर त्याच जुन्या तारेतून आणि स्विचमधून जातात. स्विच पिवळा पडतो, कपलर वितळतो, दिवे मधूनच जातात. मग फ्यूज उडतो. आणि तो उडू नये म्हणून निळ्या १५ च्या जागी हिरवा ३० चा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी! फ्यूज जळण्यासाठीच असतो. तो जळला नाही तर तार जळते, आणि तार सीटखालून, तुमच्या मुलांच्या पायांखालून गेलेली असते.

दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते, ही तक्रारही पुष्कळदा याच हौसेची. कुलूप लावून उभी असलेली गाडी घड्याळ-कॉम्प्युटरसाठी ५० मिलीअँपिअरच्या आत वीज घेते. बाहेरच्या यंत्रानं अर्धा अँपिअर ओढला तर दिवसाला बारा अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत आडवी. डिकीतला न विझणारा बल्बही हेच करतो. मोबाइल चित्रीकरणावर ठेवून डिकीत बंद केला तर लगेच कळतं.

बुडालेली गाडी, कुरतडलेली तार

सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळूरच्या पूर्व भागात पाणी भरलं. सर्जापूर रस्त्यावरच्या रेनबो ड्राइव्ह लेआउटमधून लोकांना ट्रॅक्टरवरून बाहेर काढावं लागलं, येमलूरच्या महागड्या वसाहतीत आलिशान गाड्या छतापर्यंत बुडाल्या. अशा गाड्यांचे दावे मिटल्यावर त्या भंगारभावानं विकल्या जातात, धुऊन-पुसून चकचकीत होतात आणि कधी याच तर कधी दुसऱ्या शहरात पुन्हा बाजारात येतात. मुंबईच्या २६ जुलै २००५ च्या पावसानंतरही हीच चिंता होती. बुडालेली गाडी महिनाभर छान चालते. मग ओल तांब्याच्या तारेत आवरणाखालून वर चढते, तार काळी पडते, कपलरमध्ये हिरवट भुकटी जमते, आणि रोज नवा दोष सुरू होतो. तिचं वायरिंग पूर्ण बदलणं बहुधा परवडत नाही.

घेण्याआधी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहा. आतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा डाग असेल तर उत्तर मिळालं. सीटच्या रुळांचे स्क्रू गंजलेत का, कार्पेटखालचा फोम ओलसर लागतो का, डॅशबोर्डखालचा एखादा कपलर उघडला तर पिना चमकतात की हिरव्या झाल्यात? आधीच्या मालकाच्या विम्याची जुनी पानंही मागा. नो क्लेम बोनस एखाद्या वर्षी एकदम शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी काय झालं होतं ते विचारायला लाजू नका. आणि तुमचीच गाडी पाण्यात अडकली, तर "सुरू होते का बघू" म्हणून किल्ली मुळीच फिरवू नका. इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल्फ मारला तर विजेबरोबर इंजिनही जातं.

उंदरांबद्दल वेगळं सांगायला नको. अपार्टमेंटच्या तळघरात आठवडाभर हलवली नाही की गाडी त्यांची. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात, कुरतडल्याशिवाय त्याला गत्यंतर नाही. डांबराच्या गोळ्या, तंबाखू, फवारे यांचा अनुभव प्रत्येकाचा वेगळा. बारीक लोखंडी जाळी आणि रोज हलणारी गाडी यांवर माझा जास्त विश्वास. बॉनेट उघडल्यावर लेंड्या किंवा कापसाचा चुरा दिसला तर सगळ्या तारांवरून बोट फिरवा, दाताच्या खुणा हाताला लागतात.

शोधण्याची मजुरी

सगळे इलेक्ट्रिशियन लबाड असतात असं मुळीच नाही. अडचण वेगळीच आहे. नवा अल्टरनेटर बसवला की गिऱ्हाईक हजारो रुपये मुकाट्यानं देतं. तीन तास तारा चाचपून एक नट कसला तर "नट कसायचे एवढे पैसे?" असं तेच गिऱ्हाईक विचारतं. मग कारागिरानं शोधत का बसावं? म्हणून आधीच सांगा: शोधण्याची मजुरी वेगळी देतो, सापडलं तरी आणि नाही सापडलं तरी, पण मला विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही. गाडी सकाळी ठेवून संध्याकाळी न्यायची घाई करू नका. वही दाखवा. शक्य असेल तर बिघाड जेव्हा होतो तशाच वेळी, तापलेल्या इंजिनानं किंवा पावसात, त्याला शेजारी बसवून चक्कर मारा. कन्नड येत नसलं तरी एक वाक्य पाठ करून ठेवा. "बदलायिसबेडि, मोदलु चेक माडि" - बदलू नका, आधी तपासा. तोडक्यामोडक्या उच्चारातलं कन्नडही तिथे कौतुकानं ऐकलं जातं.

काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या. जे. सी. रोडवर दुरुस्त केलेला अल्टरनेटर 'नवा' म्हणून बसला असेल, तर जुना हातात असलेला बरा. शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे भंगार बाजारात, वापरलेले रिले-स्विच स्वस्त मिळतात. पण बारा वर्षांच्या गाडीतला संशयित रिले काढून पंधरा वर्षांच्या गाडीतला बसवण्यात मला काही अर्थ दिसत नाही. इथे नवाच घ्यावा. दार, आरसा, दिव्याची काच यांसाठी गुजरी उत्तम.

ब्रिटिश गाड्यांना विजेचं सामान पुरवणाऱ्या जोसेफ लुकासला तिकडचे मोटारप्रेमी 'अंधाराचा राजपुत्र' म्हणून चिडवत, इतके त्या गाड्यांचे दिवे दगा द्यायचे. आपल्या अँबॅसिडरचं मूळ त्याच ब्रिटिश मॉरिसमध्ये. तिच्या मालकांच्या डिकीत म्हणे टॉर्च आणि तारेचा तुकडा असायचाच. आजही डिकीत टॉर्च, वेगवेगळ्या अँपिअरचे सुटे फ्यूज, १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर, टेप, जंपर केबल आणि परावर्तक त्रिकोण असावा. उड्डाणपुलावर गाडी बंद पडली तर आधी धोक्याचे दिवे, मग त्रिकोण, मग मुलांना कठड्याच्या बाजूला उतरवायचं. बॉनेट नंतर.

डॅशबोर्डखाली हात घालताना पिवळ्या रंगाच्या तारा किंवा पिवळे कपलर दिसले तर तिथे मीटर, टेस्ट लॅम्प, काहीही लावू नका. ते एअरबॅगचे असतात आणि मीटरच्या किंवा दिव्याच्या थोड्याशा विजेनंही बॅग फुटू शकते. एअरबॅगचा दिवा मधूनच लागत असेल तर बॅटरीचं मायनस सोडून काही मिनिटं थांबायचं आणि मगच काम सुरू करायचं, तेही ते काम शिकलेल्या माणसाकडूनच. पुष्कळदा तिथेही सीटखालचा सैल कपलरच निघतो.